शेवट छापून मोकळे झालात, आता अंक कोण नेणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही यंदाच्या दिवाळी अंकांवर अख्खं पान छापलंत त्याबद्दल आधी थँक्यू म्हणते, कारण हल्ली वाचायच्या गोष्टींना पेपरात एवढी जागा कोण देतं, आणि आमच्यासारख्या छोट्या वाचनालयाला त्याचा फायदाच होतो, लोक कात्रण घेऊन येतात आणि ‘मॅडम, हा अंक आलाय का’ विचारतात. पण त्याच पानावर उजवीकडे खाली एका दीर्घकथेची जी ओळख छापलीय ना, त्यावरून मला तुमच्याशी भांडायचंय. दोन दिवस राग गिळला, म्हटलं जाऊ दे, सणासुदीचं कशाला, पण काल परत एका मेंबरने त्या अंकासाठी नंबर लावलेलं आपलं नाव खोडायला सांगितलं तेव्हा मात्र बसले लिहायला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात गेली २२ वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, पेपर स्टँडला लावायचे आणि संध्याकाळी परत कुलूप लावायचं, मधल्या वेळात पुस्तकं. आमच्याकडे दिवाळी अंक योजना असते, ३५० रुपये भरायचे आणि शिमग्यापर्यंत एका वेळी एक असे जेवढे वाचून होतील तेवढे अंक न्यायचे. यंदा ६४ अंक घेतले. प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं, मागे तारखेची स्लिप चिकटवली, आणि रहस्यकथांचे जे अंक असतात ते मी स्वतः दाभणाने शिवते, कारण पिना गंजतात, शेवटची पानं सुटतात, आणि रामायणाचं शेवटचं पान गेलं तरी चालतं पण रहस्यकथेचं गेलं की मेंबर माझ्या घरी फोन करतात. रात्री साडेदहाला सुद्धा केलेत.

तर या अंकासाठी ११ जणांचं वेटिंग होतं. सोमवारी सकाळी त्यातले तिघं कमी झाले. एक काकू म्हणाल्या, ‘अगं आता काय वाचायचंय त्यात, पेपरातच आलंय की सगळं.’ मी म्हटलं काय आलंय, तर त्यांनी मला रिडिंग टेबलावर नेऊन बोट ठेवून दाखवलं. चौथी ओळ. लेखकाने ४० पानं जे जपून ठेवलं ते तुमच्या परीक्षणकर्त्यांनी चौथ्या ओळीत, तेही ‘अर्थातच’ असा शब्द वापरून सांगून टाकलं. अर्थातच! म्हणजे आम्ही जे दोन रात्री जागून वाचलं ते अर्थातच होतं.

मी इथे अंकाचं नाव लिहीत नाही, कथेचं लिहीत नाही, लेखकाचंही नाही, कारण ज्यांनी तुमची पुरवणी वाचलेली नाही असे काही पुण्यवान लोक अजून असतील आणि हे पत्र छापलंत तर त्यांचं मी का वाटोळं करू. पण कथेत फोडायला हरकत नाही असं जेवढं आहे तेवढं सांगते, म्हणजे माझा जीव का तुटला ते कळेल.

गावाकडचं जुनं घर, आई एकटी राहते, चार मुलं चार शहरांत. दहा वर्षांत एकत्र दिवाळी झालेली नाही आणि यंदा आईने हट्ट धरला म्हणून सगळे आलेत. सांगतेय कोण, तर सगळ्यात धाकटी सून, लग्नाला आठ महिने झालेली, त्या घरात तिची ही पहिलीच दिवाळी. वसुबारस ते भाऊबीज एवढाच काळ. भूत नाही, रक्त नाही, अमावास्येला वाजणारे घुंगरू नाहीत. नरकचतुर्दशीला पहाटे सासू अंगणात पाट मांडते, भोवती रांगोळी घालते, प्रत्येक पाटापुढे उटण्याची वाटी आणि मोती साबणाची वडी. मुलं चार आणि पाट पाच. चौघांना तेल लावून होतं, चौघांच्या आंघोळी होतात, चिरांटं फोडून होतं, आणि मग सासू पाचवा पाट उचलते, त्याच्यावर तांब्याभर कढत पाणी ओतते, पुसते आणि भिंतीला उभा करून ठेवते. कुणी बघत नाही तिच्याकडे. चारही मुलं त्याच वेळी कुठेतरी दुसरीकडे बघायला शिकलेली आहेत. एवढंच आहे त्या पानावर. पुढच्या ओळीत चहा येतो.

तुम्हाला वाटेल हां, आलं लक्षात. नाही आलेलं. तसं वाटावं म्हणूनच तो पाट तिथे आहे. मी बावीस वर्षं रहस्यकथा वाचतेय, वाचायला वेळ उरला नाही तर धुणं वाळत घालताना सुद्धा वाचतेय, आणि तरी मी फसले. पण पाटाच्या त्या पानाशी माझा हात थांबला होता तो वेगळ्याच कारणासाठी, ते पुढे सांगते.

आधी हे सांगते की सणाच्या दिवसांत घरातल्या गुपिताची गोष्ट एवढी का चालते. मला वाटतं बाकीचं वर्षभर घराला दारं असतात. भांडण झालं की माणूस उठून पुण्याला जातो, फोन उचलत नाही, ग्रुपवरून लेफ्ट होतो. दिवाळीत तसं करता येत नाही, चार दिवस एका छपराखाली, आणि वर हसायचं. ऍगाथा ख्रिस्तीने १९३८ साली ख्रिसमसमधल्या खुनाची कादंबरी लिहिली त्यात तिचा गुप्तहेर पॉयरो हेच बोलतो की सणाला वर्षभर लांब असलेली कुटुंबं एकत्र येतात, मनात नसतं तेवढं गोड वागतात, आणि त्या ढोंगाचा ताण कुठेतरी फुटतो. शिवाय तो असंही म्हणतो की लोक या दिवसांत जरुरीपेक्षा जास्त खातात, मग अपचन होतं आणि अपचनाने चिडचिड होते. हे वाचून मी एवढी हसले होते, कारण आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन जावांचं जे वाजतं त्याच्या मागे निम्मा भाग अनारशांचा असतो. त्या कादंबरीची अर्पणपत्रिका पण मजेशीर आहे, ती तिच्या बहिणीच्या नवऱ्याला अर्पण केलीय कारण त्याची तक्रार होती की हल्ली तुझे खून फार सोज्वळ व्हायला लागलेत, जरा भरपूर रक्तबिक्त असलेला दणदणीत खून होऊ दे. म्हणजे घरातूनच ऑर्डर! त्यातही म्हातारा पैसेवाला बाप मुलांना सणाला मुद्दाम बोलावून घेतो. पुढे सांगत नाही. बघा, जमतं न सांगता.

आणि आपल्याकडे तर या गोष्टीला लागणारा सगळा माल घरात तयार आहे, परदेशातून बर्फ आणायची गरज नाही. हल्ली बऱ्याच मराठी थ्रिलरमध्ये, वेबसिरीजमध्ये पण, हिल स्टेशनचा बंगला असतो, धुकं असतं, हातात ग्लास घेऊन खिडकीशी उभा असलेला एक जण असतो. कशाला? आमच्या तालुक्यात भाऊबीजेच्या ओवाळणीच्या ताटात साडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला चहा देता देता तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात ‘जरा एक सही करून येऊ’ म्हणून नेतात. हक्कसोडपत्र. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच हिस्सा दिला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं, पण सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव निघतं ते अजून साडीच्या घडीखाली. माझ्याकडून पण घेतलीय सही. साडी चांगली होती, खोटं कशाला बोलू, चिंतामणी रंगाची, अजून नेसते. तर या कथेतल्या भाऊबीजेच्या प्रकरणात असा एक कागद आहे, आणि तो कागद कुणासमोर येतो आणि त्याच्यावर किती नावं असतात तिथे माझ्या पोटात गोळा आला होता. तुमच्या परीक्षणात या कागदाबद्दल एक अक्षर नाही. शेवट सांगितला आणि कागद विसरले.

दिवाळी आणि वाचन याची सांगड काही आजची नाही, का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, म्हणजे शंभर वर्षं केव्हाच उलटून गेली, आणि फटाक्यांचा आवाज कमी झाला की चकलीच्या ताटलीशेजारी अंक घेऊन बसायचं ही आपली सवय. त्यात बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार वाचलेले मेंबर आमच्याकडे अजून दोन आहेत, दोघंही ऐंशीच्या पुढे. शिरवळकरांचा दारा बुलंद मागणारे बरेच. पण घराच्या आतली भीती मराठीत खरी आणली ती धारपांनी आणि मतकरींनी, मतकरींच्या गूढकथेत चाळ असते, फ्लॅट असतो, डबा घेऊन ऑफिसला जाणारा माणूस असतो आणि त्याच्याच घरात काहीतरी बिघडलेलं असतं. २०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले तेव्हा लॉकडाऊन होतं, वाचनालय बंद, मी घरूनच मेंबरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता आणि पाऊण तासात ४० उत्तरं आली, प्रत्येकाला त्यांची कुठली ना कुठली गोष्ट वाचून कधीतरी झोप लागली नव्हती. आणि एकानेही, बघा हं, एकानेही त्या ४० मेसेजमध्ये कुठल्या गोष्टीचा शेवट लिहिला नव्हता.

म्हणजे साध्या वाचकाला जे कळतं ते पेपरवाल्यांना कळू नये का? लंडनमध्ये ख्रिस्तीचंच ‘माऊसट्रॅप’ नाटक १९५२ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, मध्ये कोरोनात थांबलं तेवढंच. बर्फात अडकलेली माणसं, एक घर, आणि कुणाच्या तरी लहानपणी झालेलं काहीतरी. प्रयोग संपला की नट पुढे येऊन प्रेक्षकांना सांगतो, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. सत्तर वर्षं लोक बहुतेक करून ऐकतात. २०१० मध्ये विकिपीडियावर त्याचा शेवट लिहिलेला आहे यावरून केवढा गाजावाजा झाला, ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी बोलून दाखवली. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’ काढला तेव्हा सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियमच केला होता. एवढं जपतात हो.

आणि पेपरने काय करावं याचं उदाहरण तर नॉर्वेचं आहे. तिकडे ईस्टरच्या सुट्टीत लोक डोंगरात लाकडी घरात जाऊन राहतात आणि गुन्हेकथा वाचतात, म्हणजे आपली दिवाळी तशी त्यांची ती सुट्टी, ईस्टरच्या दिवसांत दुधाच्या पिशव्यांच्या ऐवजी जे खोके असतात ना त्यांच्यावर सुद्धा छोटी रहस्यकथा छापतात, घरात नाश्ता करता करता वाचायला. ही पद्धत सुरू कशी झाली तर १९२३ साली दोन तरुणांनी टोपणनावाने ट्रेन लुटण्याची एक कादंबरी लिहिली आणि प्रकाशकाने ओस्लोच्या मोठ्या पेपरच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली, पण जाहिरातीसारखी नाही, बातमीच्या मथळ्यासारखी, बर्गनची गाडी रात्री लुटली म्हणून. लोकांना खरंच वाटलं, ज्यांची माणसं त्या गाडीने निघालेली ते घाबरले. आता हा पण तसा उद्योगच झाला, मी असल्या खोट्या बातमीच्या बाजूने अजिबात नाही. पण निदान त्या पेपरात गोष्टीचं कुतूहल तरी वाढलं. तुमच्या पानाने माझे चार मेंबर कमी केले.

तुमचे परीक्षणकर्ते म्हणतील, आणि असं म्हणणारे मला नेहमी भेटतात, की चांगल्या गोष्टीला शेवट माहीत असला तरी फरक पडत नाही, महाभारतात शेवटी काय होतं ते माहीत असून आपण वाचतोच ना. बरोबर आहे. मी पण ती कथा दुसऱ्यांदा वाचली आणि दुसऱ्यांदा जास्त आवडली, सासू काय काय करत होती ते सगळं दिसलं. पण दुसऱ्यांदा वाचायला आधी पहिल्यांदा वाचावी लागते की नाही. खुनी कोण हे कोडं असतं तेव्हा उत्तर फोडलं तर एक गंमत गेली, ठीक आहे, पुढची गोष्ट वाचू. पण घरातल्या गुपिताच्या गोष्टीत वाचणाऱ्याला त्या धाकट्या सुनेच्या शेजारी बसायचं असतं, तिला माहीत नाही आणि घरात बाकी सगळ्यांना माहीत आहे, ती डबे उघडते, माळ्यावर चढते, सासऱ्यांच्या फोटोमागे बघते, सगळे तिच्याशी चांगले वागतात आणि तरी तिला रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटते. तुम्ही चौथ्या ओळीत मला बाकीच्यांच्या बाजूला नेऊन बसवलंत. आता मला पण माहीत आहे, मी पण तिच्याकडे बघून गप्प बसायचं.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. गोष्टीतलं फोडायचा मला हक्क नाही, घरचं फोडायचा आहे, ज्यांचं होतं त्यातलं आता कुणी नाही.

माझं माहेर संगमेश्वराकडचं. गणपतीला सगळे चुलते मुंबईहून यायचे, पाच दिवस घरात तीस माणूस. मी १३ वर्षांची होते. माझ्या दोन आत्या, थोरली चिपळूणला दिलेली, धाकटी परळला, दोघीही गणपतीला यायच्या. आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी, पंगती बसायच्या आधी, आजी एक केळीचं पान बाजूला काढायची. त्याच्यावर वरण भात, अळूची भाजी, दोन मोदक, मोदकावर तुपाची धार, वर दुसरं पान पालथं घालून दोऱ्याने बांधायची. मग ते स्टीलच्या डब्यात. डब्याबरोबर कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने बापूकाका तो डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. आम्ही पोरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘देवाला नेलंय.’ कुठल्या देवाला ते कुणी विचारायचं नाही. डबा परत आला की आजी तो बाकीच्या भांड्यांत टाकायची नाही, स्वतः विहिरीवर नेऊन घासायची आणि झाकण उघडून आत बघायची. नक्की काय बघते ते मला कळायचं नाही. आत्ता वाटतं, सगळं खाल्लं का ते बघत असेल.

त्या वर्षी चौथ्या रात्री भजन होतं. वाडीतली मंडळी ओटीवर बसलेली, मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. त्यातल्या एकाने, तोंडात पान होतं त्याच्या, कप उचलला आणि पाऊस कसा आहे विचारावं तसं विचारलं, ‘काय गो, आत्या बरी हाय का तुझी? अजून रत्नागिरीलाच ना?’

आमच्याकडे ‘रत्नागिरीला नेलं’ म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घाटावर येरवडा म्हणतात, मुंबईत ठाणे, मनोरुग्णांचं इस्पितळ. मी म्हटलं, आत्या तर आत आहेत, दोघी पण. तो म्हणाला, ‘ती नाय गो, मधली.’ आणि बशीत चहा ओतला.

मधली. मला मधली आत्या होती हे मला चहाच्या ट्रेसकट ओटीवर उभं असताना कळलं. तेवढ्यात आत आरती सुरू झाली म्हणून मला हाक मारली. मी आत गेले आणि सगळ्यांकडे बघितलं. तीस माणसं टाळ्या वाजवत होती. त्यातल्या किती जणांना माहीत आहे हे मी मोजायला लागले, म्हणजे चेहऱ्यावरून, ही चिपळूणची आत्या, हिला माहीत, बाबा, माहीत, आई, आईला पण माहीत, बापूकाका तर डबाच नेतात. ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती फिरले तेव्हा मी फिरलेच नाही. आणि आजी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं की मला कळलं. तिने काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि आम्ही एसटीने निघालो.

कितीतरी वर्षांनी, आजी गेल्यावर, बाबा म्हणाले की ती तुला सांगणार होती. दहावीनंतर. तिचं ठरलेलं होतं, तुला एकदा त्या पहाटेच्या गाडीने बरोबर न्यायचं पण. म्हणजे ते गुपित कधी उघडायचं याची तिने तारीख ठरवली होती, कुठून सुरुवात करायची ते पण ठरवलं असणार, लेक होती तिची. आणि एका माणसाने बशीत चहा ओतता ओतता ते माझ्या हातात टाकलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने तर चौकशीच केली होती. तुमच्या परीक्षणकर्त्यांच्या मनात पण नसेल. फक्त ‘अर्थातच’.

म्हणून पाटाच्या पानाशी माझा हात थांबला. माझ्या घरातलं आणि कथेतलं सारखं आहे का ते विचारू नका, सारखं आहे म्हटलं तरी फुटलं आणि नाही म्हटलं तरी फुटलं.

एक बारकी गोष्ट राहिली. तुम्ही कथेला ‘सायकॉलॉजिकल थ्रिलर’ म्हटलंत ते बरोबर, पण परीक्षणाच्या मथळ्यात ‘सायको’ शब्द टाकलात तो काढायला हवा होता. आमच्याकडे पोरं येऊन विचारतात, ‘मॅडम, सायकोवाला अंक आहे का?’ त्या कथेत सायको कुणी नाही. आजारी माणूस आणि खुनी माणूस यांना एकाच खुर्चीत बसवायची सवय आपल्या थ्रिलरवाल्यांना लागलीय, निदान या लेखकाने ते केलं नव्हतं तर मथळ्याने करू नये.

माझी मागणी फार मोठी नाही. रहस्यकथेची ओळख छापताना निम्म्याच्या पुढचं काही सांगू नका, आणि सांगायचंच असेल तर वर ठळक टाईपात लिहा की पुढे शेवट आहे, ज्याला नको असेल तो शब्दकोडं सोडवायला जाईल. आणि जमलं तर त्या भाऊबीजेच्या कागदाबद्दल कुणाकडून तरी परत लिहून घ्या, शेवट न सांगता, ती कथा त्या लायकीची आहे.

आता माझ्याच वाचनालयातली एक कबुली देते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दुसऱ्यालाच शिकवते. आमच्याकडे एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना सवय आहे, रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने बारीक अक्षरात खुनी कोण ते लिहायचं. चार वर्षं मला कळत नव्हतं कोण करतं. मेंबर वैतागलेले, एकाने तर वर्गणी परत मागितली. शेवटी स्लिपवरच्या तारखा जुळवून मी त्यांना पकडलं, म्हणजे मी पण एक केस सोडवली म्हणायची. मास्तर म्हणाले, ‘अहो, लोकांचा वेळ वाचावा म्हणून लिहितो.’ वयाकडे बघून दंड केला नाही.

पण त्या दिवशी येताना मी स्टेशनरीच्या दुकानातून हिरवं पेन आणलं. यंदाच्या सगळ्या रहस्यकथांच्या अंकांत, त्या अंकात सुद्धा, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मीच मास्तरांच्या अक्षराची नक्कल करून नावं लिहून ठेवलीत. सगळी चुकीची. काही ठिकाणी दोन दोन लिहिलीत. काल वेटिंगमधल्या एका मुलीने अंक नेला, आज सकाळी परत आली आणि म्हणाली, ‘मॅडम, पेपरात एक लिहिलंय आणि पहिल्या पानावर दुसरंच लिहिलंय, खरं काय?’ मी म्हटलं वाच आणि मला सांग.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती, मास्तर तुमचाच पेपर वाचतात.)